केळी, ऊन आणि नाना : एका फोटो प्रोजेक्टच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

प्रोजेक्टला नाव अजून नाही, फोल्डरला नुसतं 'केळी' लिहून ठेवलंय. विषय जगणं, मरण, निसर्ग. फाइन आर्ट, सिम्बॉलिक वगैरे. हे शब्द म्हटले की डोळ्यासमोर जे जे येतं ते आत्ताच बाद करून टाकतो म्हणजे नंतर मोह नको. कवटी नाही, वाळलेला गुलाब नाही, अर्धी जळलेली मेणबत्ती नाही, वाळूचं घड्याळ नाही. ही सगळी सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची सामग्री, त्यांच्याकडे ती चालायची कारण बघणाऱ्याला कवटी म्हणजे काय, विझलेली वात म्हणजे काय हे पाठ होतं. आमच्या रावेर तालुक्यात कोणाला वाळलेला गुलाब दाखवला तर तो म्हणेल याला पाणी कमी पडलं.

स्मशानात पण जायचं नाही. तिथे कॅमेरा नेला की फोटो आपोआप गंभीर होतो आणि आपल्याला वाटतं आपणच काहीतरी केलं.

मग केळ का, तर केळ एकदाच निसवते (म्हणजे कमळ बाहेर पडतं), एकदाच घड देते आणि संपते. दुसरा चान्स नाही. आणि ती संपायच्या आधीच बुडाशी पील, म्हणजे तिचंच नवं रोप, उभं असतं. मामांची मृगबाग आहे, मागच्या जूनची लागवड, आता निसवायला सुरुवात झालीय, म्हणजे कापणी मे-जूनला. पहिल्यांदाच असा विषय मिळालाय ज्याच्या मरणाचं टाइमटेबल शेतकऱ्याच्या डायरीत आधीच लिहिलेलं आहे.

१६ फेब्रुवारी

बागेच्या आत उजेड भयंकर हिरवा. वरून पानांची छत, खालून ओली जमीन, माणसाचा चेहरा पण हिरवा येतो, कावीळ झाल्यासारखा. व्हाइट बॅलन्सशी मारामारी करून शेवटी ठरवलं की सगळं काळं-पांढरं करायचं. त्यात अजून एक फायदा, हिरवं गेलं की पान हे पान राहत नाही, नुसत्या शिरा आणि उजेड राहतो.

एक गळालेलं कमळ (केळफूल हो, आमच्याकडे कमळच म्हणतात) घरी आणून मामीच्या पितळी परातीत ठेवलं. एडवर्ड वेस्टननं १९३० मध्ये ती प्रसिद्ध भोपळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढली होती, नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून उजेड परतून मिरचीच्या सावल्यांमध्ये जातो ही खरी गंमत. परातीनं तेच होतं. आयएसओ १००, एफ १६, खिडकीचा उजेड, ट्रायपॉड, शटर पाच-सहा सेकंद. छान आला. पण मिरचीचा फोटो जगात एक आहे आणि तो पुरे आहे, त्यामुळे हा सराव समजायचा.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, चांगदेवची यात्रा. तापी आणि पूर्णेचा संगम. टेन स्टॉप एनडी (उजेड अडवणारा काळा फिल्टर) लावला, मीटर एकसाठांश सेकंद सांगत होता तो सतरा सेकंदांवर गेला आणि घाटावरची सगळी माणसं धूर झाली, पाणी दूध झालं. दिसायला एक नंबर. लोकांना खूप आवडेल आणि तेच माझं दुखणं, कारण हा फोटो वाराणसीला काढला तरी असाच येतो, नाशिकला काढला तरी असाच येतो. वाहणारं पाणी म्हणजे काळ, धूसर माणूस म्हणजे आत्मा, हे आता कॅलेंडरवर पण छापतात. सीरिजमध्ये नाही घेणार.

१८ मार्च

आजचा दिवस सत्कारणी. मामांनी एक झाड उपटून काढलं होतं, सीएमव्ही, म्हणजे ककंबर मोझॅक व्हायरस. आमच्याकडे याला फार घाबरतात, रोगट झाड दिसलं की मुळासकट काढून बांधापासून लांब नेऊन गाडायचं नाहीतर मावा तो रोग शेजारच्या झाडावर नेतो. ते झाड निसवलेलं नव्हतं. आणि दुसरीकडे एक घडाच्या वजनानं आडवं झालेलं होतं, ते निसवलेलं. दोन्ही समोर होती म्हणून मामांना म्हटलं गाडायच्या आधी मला कंबरेएवढ्या उंचीवर आडवा काप मारून द्या दोघांचा.

न निसवलेल्या झाडाच्या कापात खोड असं काही नसतंच. सोपटावर सोपट (पानांचे गुंडाळलेले देठ), चंद्रकोरीवर चंद्रकोर, प्रत्येक कोरीच्या आत जाळीदार हवेचे कप्पे, आणि एकदम मध्यभागी काय तर गुंडाळलेलं अजून एक कोवळं पान. पानंच पानं. खरं खोड त्या वेळी जमिनीलगत कंदातच बसलेलं असतं. निसवलेल्या झाडाच्या कापात तीच सोपटं, तेच कप्पे, पण मधोमध मनगटाएवढा पांढराशुभ्र भरीव गोल. तोच घडाचा दांडा, जमिनीपासून पानांच्या मधून वर चढत आलेला. म्हणजे झाडाच्या आत हे पांढरं तेव्हाच येतं जेव्हा त्याचं शेवटचं काम सुरू झालेलं असतं.

मला असलंच काहीतरी हवं होतं, जे मी मांडलेलं नाही, कापलं की आहेच.

काढायला मात्र घाई. काप मारला की लगेच पाणी सुटतं, स्वच्छ, चष्म्याच्या काचेवर पडलं तर कळणार नाही इतकं. मग कडेनं तपकिरी रेघ यायला लागते, मग ती आत सरकते, आणि बघता बघता पांढरा गोल पण मळकट व्हायला लागतो. ताजा काप, थोड्या वेळानंतरचा काप, संध्याकाळचा काप, ट्रायपॉड न हलवता एकाच जागेवरून. शर्ट गेला. केळीचा चीक कापडावर पडला की तो कायमचा, मामांचे सगळे शेतातले कपडे तसेच आहेत, काळे डाग डाग. मामी लांबूनच म्हणाली, "भाचेबुवा, आता हा शर्ट इथंच ठेवून जा, शेतात घालायला."

शर्टाचा पण फोटो काढलाय. बघू.

६ एप्रिल

चाळीसगावला जाऊन आलो, फोटोग्राफर केकी मूस यांच्या घरी. फोटोग्राफी करणारा खान्देशी माणूस आणि तिथे गेला नाही असं व्हायला नको. मूस १९१२ चे, १९८९ ला गेले, आणि त्यातली कितीतरी वर्षं स्टेशनजवळच्या या बंगल्यातून बाहेरच पडले नाहीत. त्याच्या मागे प्रेमाची गोष्ट सांगतात, रेल्वेची वाट बघण्याची, ती गावात कोणीही रंगवून सांगतं, मला त्यात रस कमी. मला रस टेबल-टॉपमध्ये. घरात बसून टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा, आणि कॅमेऱ्यातून बघितलं की अख्खा देखावा उभा. बाहेरच्या जगात न जाता बाहेरचं जग.

आपल्याकडे फोटो मांडून काढला की लोक लगेच म्हणतात हे काय खरं नाही. मूसांचं काम बघितल्यावर हा वाद फालतू वाटतो. मांडणी लपवली तर फसवणूक, मांडणी दिसत असून पण मन मानतं तेव्हा ती कला. मी माझ्या सीरिजमध्ये दोन्ही ठेवणार, कापासारखं मिळालेलं आणि टेबलावर मांडलेलं, आणि कोणतं काय ते लपवणार नाही.

येताना धुळे-जळगाव असा वळसा झाला, ऊन आत्ताच चाळिशीला टेकलंय.

१ मे

काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नाना, म्हणजे मामांचे वडील, गेल्या भाद्रपदात गेले, म्हणून या वर्षी त्यांची पहिली घागर. मामांना आधीच विचारून ठेवलं होतं की कॅमेरा आणू का, ते म्हणाले आण, पण पाया पडताना नको. तेवढं पाळलं.

घागर भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, बाजूला आंबे, सांजोऱ्या. मग पितरांसाठी चुलीतल्या विस्तवावर आगारी टाकली. पुरणपोळीचा तुकडा, तूप, भाताचं शीत. तूप पडलं की एक क्षण जाळ होतो आणि मग धूर, आणि त्या धुराला मागच्या दारातून ऊन येत होतं. शटर तीसांश, मग पंधरांश, मग अर्धा सेकंद. तीसांशला धुराचे धागे दिसतात, अर्ध्या सेकंदाला नुसता पदर. मला धागे आवडले. पदर म्हटलं की परत चांगदेवचा घाट.

नानांचा घरात एकच बरा फोटो आहे, बँकेच्या पासबुकवरचा. बाकी लग्नातल्या गर्दीत कुठेतरी अर्धे. मी मामांना म्हटलं पासबुकवरचा फोटो मोठा करून केळीच्या पानावर उमटवतो, उन्हानं. मामांना कळलं नाही पण चालेल म्हणाले. मामी पटकन बोलली, "जन्मभर उन्हातच होते ते, आता तरी सावलीत ठेवा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस जाऊ देतो.

११ मे

मामी स्वतःच म्हणाली कर म्हणून, फक्त पान चांगलं घे.

पद्धत अशी. निगेटिव्ह नाही, पॉझिटिव्ह लागते. फोटो पारदर्शक ओएचपी शीटवर लेझर प्रिंट करायचा, एका शीटची शाई पुरेशी काळी नसते म्हणून दोन एकावर एक तंतोतंत बसवायच्या. ती पानावर, वरून काच, क्लिपा, आणि उन्हात. जिथे ऊन पोचतं तिथलं हरितद्रव्य उडतं, पान फिकं पडतं, आणि शीटच्या काळ्या भागाखाली हिरवं तसंच राहतं. चित्र तयार. बिन्ह डॅन नावाचा एक फोटोग्राफर आहे, जन्म व्हिएतनामचा, वाढला अमेरिकेत, त्यानं व्हिएतनाम युद्धातल्या माणसांचे चेहरे असे पानांवर उतरवलेत. आणि मुळात फुला-पानांच्या रसावर उन्हानं चित्र उमटवायचं हे जॉन हर्शेलनं १८४२ मध्येच करून बघितलं होतं, त्याच वर्षी त्याचा सायनोटाइप पण आला. म्हणजे नवं काही नाही, फक्त आमच्याकडे ऊन फुकट आहे आणि ४४ डिग्री आहे.

४४ डिग्रीचा प्रॉब्लेम असा की काचेखाली पान घामेजतं. थेंब जमतात, थेंबाखाली डाग पडतो, आणि दुपारपर्यंत पान शिजतं. मग खाली वर्तमानपत्राच्या घड्या, सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत आणि मग चार नंतरचं, मधल्या वेळात काच काढून सावलीत. जून पानावर मेण जास्त, चित्र हलत नाही. पोंग्यातून नुकतं उलगडलेलं पान घेतलं तर ते पातळ, पण लगेच कडेनं फाटतं. त्याच्या खालचं दुसरं पान बरोबर. मधली शीर टाळायची नाहीतर काच टेकत नाही. शिरा आडव्या जातील असं पान लावलं की नानांच्या कपाळावरच्या आठ्या आणि पानाच्या शिरा एकाच दिशेनं जातात. हे मुद्दाम केलंय.

२० मे

नाना आले. म्हणजे चेहरा आला. टोपी, मिशी, डावा डोळा थोडा बारीक, तो तसाच होता.

आता हे टिकणार किती, तर उजेडात ठेवलं तर उडणारच, ज्या उन्हानं काढलं तेच ऊन पुसणार. टिकवायचा उपाय मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. हरितद्रव्यातल्या मॅग्नेशियमच्या जागी तांबं जाऊन बसतं आणि हिरवा रंग मग बराच घट्ट होतो. कृषी केंद्रात गेलो, पावशेर मोरचूद द्या म्हटलं, दुकानदार विचारतो कशावर फवारायचं, डाळिंब का द्राक्ष, चुना पण घेऊन जा बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) करायला. म्हटलं आजोबांवर. तो हसला नाही, मी पण मग गप्प पैसे दिले.

एक पान मोरचुदाच्या पाण्यातून काढलं, एक तसंच ठेवलं. दोन्ही लावणार, शेजारी शेजारी, खाली काही न लिहिता. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, माशांना विष आहे ते, बाटलीत भरून मामांकडे दिलं, ते बोर्डोत वापरतील.

२९ मे

परवा संध्याकाळी वादळ. पाऊस थोडाच, वाराच वारा. वादळ पट्ट्यानं जातं, मामांच्या बागेच्या उत्तरेच्या काही ओळी गेल्या, पण पलीकडच्या एका काकांची बाग जवळजवळ सगळी आडवी. घड भरलेले, कापणीला आठ-दहा दिवस राहिलेले. सगळी झाडं एकाच दिशेला डोकं करून झोपलेली.

मी कॅमेरा घेऊन गेलो नव्हतो, मामांसोबत नुसता बघायला गेलो होतो. ते काकाच म्हणाले, "भो, तुह्याकडे चांगला कॅमेरा हाये ना, घेऊन ये बरं, पंचनाम्याले लागतीन." फळपीक विम्यात वाऱ्यानं नुकसान झालं की बहात्तर तासांत कळवावं लागतं, आणि फोटो जितके स्पष्ट तितकं बरं. मग दिवसभर तेच. कसे काढायचे ते त्यांनी सांगितलं : पाठीमागे विजेचा खांब दिसला पाहिजे म्हणजे गट कोणता ते कळतं, मोडलेलं खोड बुडापासून दिसलं पाहिजे, घड किती भरला होता ते दिसलं पाहिजे, माणूस शेजारी उभा पाहिजे. एफ ११, सगळं शार्प, ऊन डोक्यावर, सावल्या कुरूप. एकाही फोटोत मी माझ्या मनानं काही केलं नाही.

रात्री कॉम्प्युटरवर बघत बसलो. फेब्रुवारीपासून मी जे शोधतोय त्यापेक्षा हे फोटो जड आहेत. काका खोडाशेजारी उभे, हात मागे, नजर कॅमेऱ्यात नाही आणि झाडाकडे पण नाही. यात प्रतीक बितीक काही नाही, हा पुरावा आहे. पण भिंतीवर लावला तर बघणारा त्याला प्रतीकच करणार, आणि मग काकांच्या नुकसानीचं 'जीवनाची क्षणभंगुरता' होणार, ते मला सहन होणार नाही. काकांना विचारून ठरवू. आत्ता त्यांना विचारायची वेळ नाही.

१५ जून

छोट्या साइजमध्ये प्रिंट काढून मामांच्या ओसरीवर पसरले. मामा, मामी, पलीकडचे काका, कापणीवाल्या टोळीतले दोघं आणि चहा. मी काही सांगितलं नाही, नुसतं बघा म्हटलं.

एक प्रिंट होतं पानाचं, क्लोजअप, शिरांना समांतर लांबट ठिपके, मधे राखाडी, कडेला गडद, बाजूनं पिवळी झालर. काळ्या-पांढऱ्यात एकदम लिपीसारखं दिसतं. मला ते फार आवडतं. काकांनी उचललं, डोळ्याजवळ नेलं.

"हा त करपा हाये भो. कोनाची बाग ही? येले फवारा नाही मारेल का?"

मामा लगेच, "माह्यी नाही ती, बांधावरच्या झाडाचं पान असीन." आणि माझ्याकडे असं बघितलं की हा फोटो गावात दाखवला तर बघ. म्हणजे मला जिथे मरण लिहिलेलं दिसत होतं तिथे या लोकांना एका माणसाचा आळस दिसत होता, आणि तो माणूस कोण याचीच चर्चा दहा मिनिटं. करपा, म्हणजे पानावरचा रोग, आहे हे मला माहीत होतं, मी डिझाइनसाठी घेतलं होतं. पण वाळणं वेगळं आणि करपा वेगळा. वय झालेलं पान कडेपासून आत वाळत जातं, सारखं, आणि देठातून मोडून खोडाला टेकून लोंबतं. त्याचा फोटो माझ्याकडे होता, साधा म्हणून मागे ठेवला होता. तो पुढे आणला, सगळ्यांनी बघितला, कोणी काही बोललं नाही, पुढचा घेतला.

दोन कापांचा जोड-फोटो बघून टोळीतला एक जण म्हणाला, "हे निसवेल, हे बिननिसवेल." बास. त्यानं अर्ध्या सेकंदात वाचलं. पुण्यातल्या एका मित्राला तोच जोड पाठवला होता, तो म्हणाला प्लॅनेट्स वाटतात, कॉस्मिक. दोघंही बरोबरच आहेत, पण मला आता टोळीवाल्याचा होकार आधी लागतो. ज्याच्या हातातून ती वस्तू रोज जाते त्याच्यासमोर फोटो खोटा पडला, तर बाकीच्यांना त्यात कितीही विश्व दिसो, मी तो लावणार नाही. करप्याचं प्रिंट बाहेर.

काकांना पंचनाम्याच्या फोटोचं विचारलं. म्हणाले लाव, पण नाव घालू नको, आणि खाली लिही की किती तारखेला पडलं ते. तारीख लिहीन. बाकी काहीही नाही, तेवढ्यानं तो पुरावाच राहतो.

नानांचं पान मामीनं कोणाला हातात घेऊ दिलं नाही, लांबूनच दाखवलं.

२२ जून

मामांची कटाई. सकाळी सहाला टोळी हजर, बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला यावर फोन चालू. एकानं घड कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर घ्यायचा, खांद्यावर पानाची गादी. घड सुटला की झाड थरथरतं, वजन गेलेलं असतं ना. वरचं डोकं उडवतात पण खोड उभं ठेवतात, त्यातला रस खाली पिलाकडे जातो म्हणून. कितीतरी दिवस ते तसंच उभं राहणार, हळूहळू बसत जाणार, आणि बुडाचं पील तोवर गुडघ्याच्या वर.

हे फोटो सगळ्यात सरळ काढले. डोळ्याच्या उंचीवरून, पन्नासची लेन्स, ढगाळ उजेड. एका फ्रेममध्ये बिनडोक्याचं खोड आणि पील. मागे टोळीतल्या बाईचा हात, बांगड्या, चिकानं काळी झालेली बोटं. याच्यावर काहीही करायचं नाही, कॉन्ट्रास्ट पण नाही.

१३ जुलै

लावायचं ठरलं. गॅलरी बघितली होती, भाडं आणि कॉफी टेबलाचं वातावरण दोन्ही झेपणारं नाही. कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) ३ ऑगस्टच्या रविवारी बसतेय, तेव्हा पुण्या-मुंबईची, सुरतेची सगळी पोरं गावात असतात, तर मामांच्या शेतातल्या शेडमध्ये शनिवार ते सोमवार.

क्रम असा : पितळी परातीतलं कमळ नाही, चांगदेव नाही. आधी जोड-काप, मग काळा पडत जाणारा काप, मग आखाजीचा धूर, मग नानांची दोन पानं, मग पंचनामा, मग वाळलेलं पान, शेवटी खोड आणि पील. चिकाचा शर्ट फोटोत नाही, खराच खुंटीला टांगणार, मामा म्हणतात तेवढे दिवस मी काय घालू.

प्रिंट सोळा बाय चोवीस, मॅट कागद, फ्रेम नाही. पानं दोन काचांमध्ये, चारही बाजूंनी टेप, आणि शेडच्या आतल्या भिंतीला, जिथे ऊन येत नाही तिथे. मामीची अट तीच होती. पाऊस तिरका आला तर पूर्वेच्या बाजूनं ताडपत्री लागेल, ती टोळीवाल्यांकडे आहे. लाइटचं मात्र अवघड आहे, शेताच्या फीडरला त्या आठवड्यात थ्री-फेज दिवसाची आहे का रात्रीची ते वायरमनला विचारायचंय, रात्रीची असली तर बॅटरीचे एलईडी भाड्यानं.